मार खाल्लेली बाई महापालिकेच्या कोणत्या दारातून आत येते? पुण्यातल्या सेवांचं परीक्षण

स्त्रियांवरच्या हिंसेचा विषय निघाला की महापालिकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: हे पोलिसांचं काम. ते अर्धं खरं आहे. गुन्हा नोंदवायचा पोलिसांनी, आदेश द्यायचा न्यायदंडाधिकाऱ्यांनी, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी राज्याच्या महिला व बालविकास विभागाचे. पण मार खाल्लेली बाई पोलीस चौकीत सहसा सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी ती टाके घालायला दवाखान्यात जाते, बाळाला डोस द्यायला जाते, जन्मदाखल्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाच्या रांगेत उभी राहते, पोराला शाळेच्या फाटकाशी सोडते, पहाटेच्या बसची वाट बघते. ही सगळी दारं पालिकेची किंवा पालिकेशी जोडलेली आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के, आणि त्यांतही पहिला हात माहेरचा. तक्रार घेऊन कुणी येईल म्हणून खिडकी उघडून बसणारी सेवा शंभरातल्या उरलेल्या ८६ जणींच्या काही उपयोगाची नाही. त्या येतात दुसऱ्याच कामाला. म्हणून इथे प्रत्येक सेवा दोनच गोष्टींवर जोखली आहे: निघताना बाईच्या हातात कामाचा कागद पडतो का, आणि पुढच्या पत्त्याऐवजी पुढचा माणूस मिळतो का.

रुग्णालय

सगळ्यात जास्त जागा याला, कारण इथे पालिकेला कुणाची परवानगी लागत नाही. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, येरवड्याचं राजीव गांधी, भवानी पेठेतलं सोनवणे ही पालिकेची रुग्णालयं. ससून राज्य सरकारचं, त्यामुळे तिथल्या व्यवस्थेबद्दल पालिकेला जाब विचारून उपयोग नाही. लोक यात नेहमी गल्लत करतात आणि पत्र चुकीच्या टेबलावर जाऊन पडतं.

चूक बहुतेक वेळा डॉक्टरच्या आधी, केसपेपरच्या खिडकीपाशी होते. "काय झालं?" हा प्रश्न रांगेत, सगळ्यांसमोर, नवरा कोपराला कोपर लावून उभा असताना विचारला जातो. उत्तर ठरलेलं: बाथरूममध्ये पाय घसरला. तेच कागदावर उतरतं, आणि वर्षभरानं न्यायालयात समोरचा वकील तोच कागद फडकावतो. उपाय साधा आहे. खिडकीवर फक्त नाव, वय, पत्ता घ्यायचा आणि कारणाची ओळ रिकामी सोडायची. ती भरायची आत, ड्रेसिंगच्या खोलीत, सोबतच्या माणसाला "जरा औषधं घेऊन या" म्हणून बाहेर पाठवल्यावर. मुरलेल्या सिस्टर हे न शिकवताही करतात. व्यवस्थेनं ते सगळ्यांकडून करून घ्यायला हवं.

जखम बघूनही बरंच कळतं. घसरून पडलेल्याला लागतं ते गुडघ्याला, कोपराला, तळहाताला. मार बसतो तो चेहरा, मान, छाती, पोट आणि दंडाच्या आतल्या बाजूला. हात आडवा धरून वार चुकवला असेल तर मनगटापासून कोपरापर्यंत करंगळीच्या बाजूनं वळ उठतात. काही वळ काळेनिळे, काही पिवळे पडत आलेले, असे वेगवेगळ्या दिवसांचे दिसले तर प्रश्न विचारायलाच हवा. गळा दाबल्याचं प्रकरण वेगळं काढावं. बाहेरून खूण दिसेलच असं नाही. आवाज घोगरा झालाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, मध्ये काही क्षण शुद्ध नव्हती, यातलं एकही असेल तर बाईला गोळी देऊन घरी पाठवू नये. सूज नंतर वाढू शकते. शिवाय ज्यानं एकदा गळ्याला हात घातला त्याच्या घरात जिवाचा धोका पुष्कळ पटीनं जास्त असतो.

मग नोंद. एमएलसीमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, "मारहाणीचा इतिहास" एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. कुणी, कशानं, कधी, कुठे, हे तिच्या शब्दांत हवं: "काल रात्री दहाच्या सुमारास नवऱ्यानं लाटण्यानं मारलं". प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग. फोटो काढला तर शेजारी पट्टी ठेवून. आणि या कागदाची प्रत बाईला, नवऱ्याच्या खिशात जाणार नाही अशा बेतानं. घरी नेणं धोक्याचं असेल तर नोंदणी क्रमांक आणि तारीख दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून द्यावी. तेवढ्यावर नंतर प्रत निघते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कायद्यानं फट ठेवलेली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो, पालिकेचं असो की खासगी, रुग्णालयानं तातडीचे उपचार मोफत द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. टाळाटाळ केली तर रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी एफआयआर आणा" हे वाक्य बेकायदा आहे, आणि तरीही ते देशभर ऐकू येतं. तपासणीसाठी आणि पुराव्यासाठी संमती लेखी घ्यायची, दोन्हींची वेगवेगळी. पोलिसांत जायचं नसेल तर तेही नोंदवायचं. उपचार मात्र थांबत नाहीत. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजेत, जितकी लवकर तितकी बरी. शरीरावरचे नमुने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून "दोन दिवस झाले, आता काय उपयोग" असं म्हणून परत पाठवू नये. योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तथाकथित 'टू फिंगर' चाचणी पूर्ण बंद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक. तिथे मर्जीचा प्रश्न नाही, आणि हे मुलीला आणि आईला तपासणीआधी सांगायला हवं, नंतर नाही.

तुलनेसाठी लांब जायला नको. मुंबई महापालिकेनं 'सेहत' या संस्थेसोबत २००१ मध्ये वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढलं, पुढे इतर रुग्णालयांतही ते गेलं. त्याचं मर्म जागेत आहे. समुपदेशक रुग्णालयाच्या आत, रोजच्या कामाचा भाग म्हणून बसतात. बाईला "अमुक संस्थेत जा" म्हणून चिठ्ठी देऊन रस्त्यावर सोडत नाहीत, सिस्टर तिला हाताला धरून त्या खोलीपर्यंत आणते. पुण्यातल्या पालिकेच्या प्रत्येक रुग्णालयाला हेच माप लावावं: दोन पाळ्यांत दोन समुपदेशक, रात्रीसाठी फोनवर येणारी एक, आतून कडी लागणारी खोली, कुलपाचं कपाट. खोलीवर 'पीडित महिला कक्ष' अशी पाटी नको. पाटी लावण्यात पुणं कुणाला हार जाणार नाही, पण ही पाटी नवराही वाचतो. 'आरोग्य सल्ला' पुरे.

क्षेत्रीय कार्यालय

औंध-बाणेरपासून कोंढवा-येवलेवाडीपर्यंत पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. हिंसेच्या संदर्भात कुणी त्यांचं नाव घेत नाही, आणि तिथेच आमचं या यंत्रणेबद्दलचं मत सगळ्यात चांगलं आहे, कारण इथे कागद मिळतो.

घर सोडलेल्या बाईची पहिली अडचण बहुतेक वेळा कपडे किंवा पैसे नसते, कागद असतात. आधार, मुलांचे दाखले, लग्नाचा पुरावा, सगळं सासरच्या कपाटात. मुलाचा जन्म पुण्यात नोंदला असेल तर जन्मदाखल्याची प्रत पालिकेकडून पुन्हा काढता येते. आईचं नाव दाखल्यावर असतंच, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. विवाह इथे नोंदला असेल तर प्रमाणपत्राची प्रतही इथूनच. जन्माची तारीख, रुग्णालयाचं नाव, नोंदणीचं वर्ष एवढं माहीत असलं तरी शोध सोपा जातो. काम अडतं ते लग्न नोंदवलंच नसेल तर. मागाहून नोंदवायला पती-पत्नी दोघं आणि साक्षीदार हजर लागतात, आणि भांडणात असलेला नवरा येणार कशाला? मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाला विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही. लग्नपत्रिका, फोटो, एका पत्त्यावरचं रेशनकार्ड चालतं. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, आई, बहीण, मुलगी यांनाही हा कायदा लागू आहे. "दाखला नाही तर केस नाही" असं खिडकीवरून कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

पालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूहसंघटिका वस्त्यांमध्ये फिरतात, बचतगटांच्या बैठका घेतात. संरक्षण अधिकाऱ्याचं काम त्या करू शकत नाहीत, पण त्याच्या आधीचं काम त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही: घटनांची यादी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे नमुना १, रिकाम्या मनानं भरायला बसलं तर बाई एवढंच सांगते की "लग्न झाल्यापासून मारतो". न्यायालयाला तारखा लागतात. तारीख आठवत नसेल तर सण आठवतो: गणपती बसायच्या आदल्या दिवशी, धाकटीच्या बारशानंतर, पालखी पुण्यात होती तेव्हा. तिथून महिना काढायचा. शारीरिक, लैंगिक, शिवीगाळ-अपमान आणि आर्थिक असे चार रकाने. शेवटचा रकाना बहुतेक अहवालांत कोरा राहतो, कारण पगाराचं कार्ड काढून घेणं, दागिने मोडणं, किराण्याला पैसे न देणं ही हिंसा आहे हे तिलाच वाटत नाही. स्त्रीधनाची यादी वजनासकट, पावती नसेल तर लग्नातल्या फोटोवरून.

पुढचे टप्पे असे. अहवाल संरक्षण अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, प्रत पोलीस ठाण्याला. बाई थेट न्यायालयातही अर्ज करू शकते, कलम १२ खाली, नमुना २ मध्ये. सोबत नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र जोडलं तर कलम २३ प्रमाणे समोरचा हजर नसतानाही अंतरिम आदेश मिळू शकतो. हे प्रतिज्ञापत्र राहून जातं आणि मग महिनोन् महिने हातात काही नसतं. ही चूक सगळ्यात महागात पडते. सासर सोलापूरला आणि बाई कात्रजला भावाकडे आलेली असेल तर पुण्यातच अर्ज करता येतो, तात्पुरत्या वास्तव्यावरूनही अधिकारक्षेत्र मिळतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. व्यवहारात एवढ्यावर कुणी भिस्त ठेवू नये, म्हणूनच अंतरिम आदेशाचा आग्रह. वकिलाचे पैसे नाहीत ही अडचण नसावी, स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन.

आणि घर. कलम १७ प्रमाणे घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी एकत्र राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं असा निकाल दिला. पालिकेला यातून करण्यासारखं एक काम आहे: स्वतःच्या भाड्याच्या किंवा पुनर्वसनाच्या घरांचं वाटपपत्र दोघांच्या नावे करणं. एका ओळीचा बदल, पण पुढच्या दहा वर्षांचं भांडण वाचतं.

रस्त्यावरचे दिवे

दिवा बंद असल्याची तक्रार पालिकेच्या ॲपवर करता येते आणि खांबाचा क्रमांक टाकला तर तो बदललाही जातो. क्रमांक न टाकता "कॉलनीच्या कोपऱ्यावर अंधार" लिहिलं तर माणूस येऊन दुसराच खांब बघून जातो. इथपर्यंत सेवा ठीक. गडबड यापुढे आहे. दिवा लागतो, तक्रार बंद होते, अंधार तसाच. कारण दिवा झाडाच्या पानांच्या आत पेटलेला असतो. फांद्या छाटणं उद्यान खात्याकडे, त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी; दिवा विद्युत विभागाकडे; पदपथ पथ विभागाकडे. तीन तक्रारी, तीन क्रमांक, आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

म्हणून दिव्याची नाही, रस्त्याची पाहणी करावी. भारतीय मानकांप्रमाणे वर्दळीच्या दुय्यम रस्त्यावर सरासरी ८ लक्स, कमी वर्दळीच्या रस्त्यावर ४ लक्स उजेड हवा. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन खांबांच्या खाली आणि त्यांच्या बरोबर मध्ये, जमिनीलगत मोजलं तर तफावत दिसते, आणि भीती त्या तफावतीत असते. खांबाखाली लख्ख आणि मध्ये काळोख यापेक्षा सलग मंद उजेड बरा. उजेडाखेरीज बघायचं ते हे: दुकानं किती वाजता बंद होतात, भिंत किती लांब सलग आहे, पदपथ चालण्याजोगा आहे की पार्किंग, थांब्यावरून कुणाला तरी आपण दिसतो का, आणि त्या वेळी रस्त्यावर बायका दिसतात का. शेवटचं माप सगळ्यात विश्वासाचं.

पाहण्या नेमक्या चुकीच्या वेळी होतात. संध्याकाळी आठला, अधिकाऱ्यांच्या सोयीनं. स्वारगेट एसटी आगारात उभ्या बसमध्ये झालेल्या बलात्काराची २५ फेब्रुवारी २०२५ ची घटना पहाटे सहाच्या आधीची होती. त्या वेळी घरकामाला निघालेल्या बायका, भाजीवाल्या, कचरावेचक आणि गावाकडे जाणाऱ्या मुली रस्त्यावर असतात. पाहणी पहाटे पाच ते सहाला एकदा झालीच पाहिजे. स्वारगेटनं आणखी एक गोष्ट दाखवली. आगार एसटी महामंडळाचं, शेजारचं स्थानक पीएमपीचं, म्हणजे शहर बससेवेचं, खाली मेट्रो, बाहेरचा पदपथ पालिकेचा, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. एका चौकाचे इतके मालक, आणि उभ्या असलेल्या अंधाऱ्या बसचा मालक त्यांतला एकच. अशा ठिकाणी सगळ्यांची एकत्र फेरी आणि एकच सही केलेला कागद नसेल तर प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवतो. हे काम पालिका घडवून आणू शकते, कारण चारही बाजूंचा रस्ता तिचा आहे.

टेकड्यांबद्दल दोन शब्द. प्रत्येक घटनेनंतर वेताळ टेकडीवर, तळजाईवर दिवे लावायची मागणी होते. टेकडीवर उजेड करून घुबडं हाकलण्यापेक्षा पायथ्याच्या वाटा, वाहनतळ आणि तिथून थांब्यापर्यंतचा तुकडा उजळावा. बाई एकटी सापडते ती तिथे.

बस

'तेजस्विनी' या फक्त महिलांसाठीच्या बस ८ मार्च २०१८ पासून धावतात. गर्दीच्या वेळी त्यांचा उपयोग आहे, यात वाद नाही. पण त्या ठरावीक मार्गांवर, आणि पुण्यातला खरा प्रश्न थांब्यापासून घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरचा. बसमधल्या छेडछाडीची तक्रार करायची तर बसचा क्रमांक, मार्ग, वेळ आणि कोणता थांबा गेला होता हे चारही लागतात. वाहकाचं काम ठरलेलं हवं: दार बंद ठेवून बस जवळच्या चौकीपाशी थांबवणं, आणि ११२ वर फोन. "उतरा हो खाली, भांडणं नकोत" म्हणून त्या माणसाला पुढच्या थांब्यावर उतरवणं म्हणजे त्याला पळवून लावणं.

स्थानिक समिती: कायद्यात उत्तम, रस्त्यावर अदृश्य

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा बहुतेकांना 'ऑफिसचा' वाटतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, हे माहीत असतं. पण घरकाम करणारी, चार जणींचं ब्यूटी पार्लर, किराणा दुकानातली मुलगी, किंवा जिथे मालकच त्रास देतो ती? त्यांच्यासाठी जिल्हा अधिकाऱ्यानं स्थानिक समिती नेमायची, आणि शहरात प्रभागात किंवा नगरपालिकेत एक समन्वय अधिकारी ठेवायचा. त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. हा अधिकारी कोण, कोणत्या मजल्यावर बसतो, हे प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भागात लिहिलेलं असावं. इथे खरोखर पाटी हवी.

तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत. घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायचं, आतल्या आत मिटवायचं नाही. इथे मुदत जाते ती फिरवाफिरवीत. पोलीस म्हणतात समितीकडे जा, समितीचा पत्ता कुणाला माहीत नाही, पत्ता मिळेपर्यंत नव्वद दिवस सरलेले.

पालिका स्वतःही मालक आहे हे विसरू नये. झाडणकाम, सुरक्षारक्षक, रुग्णालयातल्या आया, यांत कंत्राटी बायका मोठ्या संख्येनं असतात. कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी, बिनपगारी सगळे येतात. ठेकेदाराच्या मुकादमाविरुद्धची तक्रार "आमची माणसं नाहीत" म्हणून परत करता येत नाही. निविदेतच अट घालावी: ठेकेदाराची अंतर्गत समिती नसेल तर बिल अडेल. बिल अडलं की समित्या आठवड्यात स्थापन होतात.

राहायची सोय

रात्री अकराला घराबाहेर काढलेली बाई दोन पोरांसह कुठे जाणार? बेघरांचा रात्रनिवारा हे उत्तर नाही, तो उघड्या पत्त्याचा असतो. 'सखी' वन स्टॉप सेंटर ही योजना २०१५ मध्ये राज्याला एक केंद्र या हिशेबानं सुरू झाली आणि पुढे जिल्ह्यांपर्यंत गेली. तिथे तात्पुरता मुक्काम पाच दिवसांपर्यंत, सोबत पोलीस, वैद्यकीय, कायदेशीर मदत आणि समुपदेशन. पुढे जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदन हे निवारागृह. अडतं ते मुलाच्या वयाशी. मुली कोणत्याही वयाच्या असल्या तरी आईसोबत राहतात, मुलगे ठरावीक वयापर्यंतच. चौदा वर्षांचा मुलगा असलेली आई यामुळेच घरी परत जाते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करताना पहिल्या मिनिटात मुलांची वयं सांगावीत, म्हणजे चुकीच्या जागी जाऊन माघारी यायला नको.

शाळा, शिबिरं, कॅमेरे

शाळांमध्ये २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या बंधनकारक आहेत. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगली असेल तर तिच्यात गुटख्याच्या पुड्या सापडतील, चिठ्ठी नाही. ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हवी, किल्ली दोघींकडे, उघडायचा वार ठरलेला. पेटीसोबत १०९८ हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना तोंडपाठ हवा.

स्वसंरक्षणाच्या शिबिरांवर आणि कॅमेऱ्यांवर पैसा लवकर मंजूर होतो, कारण उद्घाटन करता येतं. कराटे अनोळखी माणसासाठी शिकवतात, मारणारा बहुतेक वेळा घरातला असतो. कॅमेरा उपयोगी आहेच, फक्त चित्रीकरण किती दिवस साठतं आणि रात्री तिकडे बघतं कोण, हे खरेदीच्या कागदातच लिहिलेलं असावं. शिलाई मशीन आणि हळदीकुंकू यांवर न बोललेलं बरं.

पैसा आणि वेळापत्रक

मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्यासोबत महिला व बालकल्याण समितीही गेली. ही समिती असताना अंदाजपत्रकातली या विषयाची तरतूद कुठे जाते ते कुणीतरी विचारू शकतं. नगरसेवक असोत की प्रशासक, माहिती अधिकारात चार गोष्टी मागता येतात: रुग्णालयनिहाय समुपदेशकांची मंजूर आणि भरलेली पदं, गेल्या वर्षातल्या स्त्रियांच्या एमएलसी नोंदींची संख्या, प्रभागनिहाय समन्वय अधिकाऱ्यांचे पदनाम, आणि महिला-बालकल्याणाच्या तरतुदीपैकी शेवटच्या दोन महिन्यांत खर्च झालेली रक्कम. चौथा आकडा मार्चमध्ये फुगलेला असेल तर तो पैसा सेवेवर नाही, खरेदीवर गेला असं खुशाल समजा.

अर्ज करताना व्यक्तींची नावं मागू नयेत, त्या कारणानं तो फेटाळला जातो. आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. स्थानिक समितीकडे दिलेल्या तक्रारीलाही हेच लागू, कारण तीन महिन्यांची मुदत पाळली हे दाखवायला तो शिक्का लागतो.